फक्त घरी झोपणारा लॅपटॉप

दुकानात कुणी लॅपटॉप घेऊन आलं की दुकानवाल्या काकांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "थांबा". म्हणून सगळे त्यांना थांबाकाका म्हणायचे. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि विजेच्या बिलाला तेवढं ठाऊक होतं.

"थांबा. मी हात लावणार नाही. तुम्हीच लावा," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला फिरत्या खुर्चीत बसवायचे, लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवायचे आणि स्वतः मागे स्टुलावर बसायचे. बसताना दोन्ही तळवे मांडीखाली घालायचे. नवीन माणसाला वाटायचं, काकांना थंडी वाजतेय. पण ते हातांना बांधून ठेवणं होतं. हात मोकळे राहिले की यंत्राकडे धावतात आणि डोळे मागे पडतात, असा त्यांचा अनुभव होता.

हा अनुभव लॅपटॉपचा नव्हता, लिफ्टचा होता. सत्तावीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांना शिकवणाऱ्या वस्तादाची दीड बोटं गेलेली होती. "यंत्रात आधी डोळा घालायचा, मग कान. हात सगळ्यात शेवटी," असं सांगून वस्ताद उरलेली साडेतीन बोटं नाचवायचा आणि म्हणायचा, "मी उलटं केलं." याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

पुढे लिफ्टमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या आल्या. बिघाड झाला की कंपनीचा तरुण इंजिनियर लॅपटॉप जोडायचा आणि पाच मिनिटांत निघून जायचा. बाकीचे जुने मेकॅनिक त्याच्यावर चिडायचे. थांबाकाका त्याच्या खांद्यावरून वाकून विचारायचे, "बाळा, हे काय लिहून येतंय?" तो सांगायचा, हे परत विचारायचे. बावन्नाव्या वर्षी त्यांनी भाच्याचा टाकून दिलेला लॅपटॉप घरी आणला, सहा वेळा मारला आणि सात वेळा जिवंत केला. हे गणित कसं जमतं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "माझ्याकडे आला तेव्हा तो मेलेलाच होता."

नोकरी संपल्यावर त्यांनी तळमजल्यावर हे दुकान टाकलं. अर्ध्या दुकानात काकूंचं झेरॉक्स मशीन, अर्ध्यात यांची खुर्ची आणि स्टूल. मागे बसून नुसतं बघण्यातून त्यांनी काय काय पकडलं होतं! एका मुलीचं वायफाय रोज गायब व्हायचं. चुकलेलं अक्षर खोडायला हात वर गेला की तिची करंगळी विमानाचं चित्र असलेल्या कळीवर पडत होती. एका निवृत्त मास्तरांचा लॅपटॉप मरणाचा हळू झाला होता. मास्तरांनी दोन वर्षांत एकही खिडकी बंद केली नव्हती. "बंद केली तर आतलं जाईल ना," असं त्यांचं म्हणणं. दोघांनाही वाटत होतं की लॅपटॉप बिघडला आहे. काकांना असली माणसं भेटली की दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा.

त्या गुरुवारी सकाळी मात्र एक बाई लॅपटॉप घेऊन आत आल्या आणि काकांचा चेहरा उतरला. त्यांना सगळे शिवणताई म्हणायचे. मागच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर त्या शिवणकाम करायच्या. लॅपटॉप घेऊन येण्याची ही त्यांची तिसरी वेळ होती.

"काका, तुमचा जावई परत आणला," शिवणताईंनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे अगदी सोन्यासारखा वागतो. घरी नेला की रुसून झोपतो."

झेरॉक्सच्या मशीनमागून काकूंनी मान वर केली. "तिसऱ्यांदा? मग पाहुणचार पुरे झाला. आता दोन रट्टे घाला त्याला."

"दोष त्याचा नाही," काका म्हणाले. "माझा आहे."

आणि तो होता. शिवणताई पहिल्यांदा आल्या तेव्हा कॉलेज प्रवेशाचे अर्ज भरायचे दिवस होते. दुकानाबाहेर फुटपाथपर्यंत रांग होती. काम करता करता लॅपटॉप आपोआप झोपतो, एवढं ऐकून काकांनी सेटिंग उघडलं, किती वेळाने झोपायचं तिथे 'कधीच नाही' असं करून टाकलं आणि म्हणाले, "घेऊन जा." थांबा म्हणाले नाहीत, बाईंना खुर्चीत बसवलं नाही. चार दिवसांनी लॅपटॉप परत.

दुसऱ्या वेळी त्यांनी जरा खोलात पाहिलं. लॅपटॉप कधी झोपला आणि का झोपला याची नोंद तो स्वतःच ठेवतो. काकांनी ती उघडली, तर प्रत्येक ओळीत एकच कारण होतं: झाकण मिटलं. शिवणताई शपथेवर सांगत होत्या की झाकण सताड उघडं होतं. काकांनी झाकण चाळीस वेळा उघडमीट करून पाहिलं. एकदाही चूक झाली नाही. तरी सावधगिरी म्हणून, झाकण मिटलं तरी काही करायचं नाही, असं त्यांनी लॅपटॉपला बजावलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता नाही झोपणार."

"झोपला नाही," शिवणताई आता सांगत होत्या. "पण पडदा काळा झाला. आवाज चालू, मला काही दिसेना. मुली मॅडम मॅडम करतायत. मी घाबरून, तशीच वाकून, बटण दाबून धरलं."

"किती वेळ?"

"जीव जाईपर्यंत."

"कुणाचा?"

"त्याचा. माझा आधीच गेला होता."

काकू हसल्या, पण शिवणताई हसल्या नाहीत. एक संस्था ऑनलाइन शिवणवर्ग चालवायची. तिला कापणी शिकवणारी बाई हवी होती. निवड करण्याआधी तीन शनिवार तीन नमुन्याचे तास घ्यायचे होते. पहिला तास अकराव्या मिनिटाला लॅपटॉप झोपल्यामुळे बुडाला. दुसरा सतराव्या मिनिटाला पडदा काळा झाल्यामुळे. संस्थेच्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, "तिसरा तास पूर्ण झाला तर बघू. नाहीतर दुसऱ्या एक जणी तयार आहेत." तिसरा तास परवा, शनिवारी सकाळी अकराला होता.

"दुसरा लॅपटॉप मागून घ्या ना कुणाचा तरी," काकू म्हणाल्या.

"कुणाचा? आमच्या घरात हा एक. शेजारच्यांनी दिला आणि त्यालाही झोप लागली तर?" शिवणताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "एकोणीस वर्षं मी पँटची उंची कमी करतेय, काकू. चेन बदल, काज कर, उसवलेलं शिव. सासऱ्यांकडून मी कापणी शिकले, ते मोठ्या दुकानात कटर होते. ती कुणी कधी विचारली नाही. त्या दिवशी अकरा मिनिटं बोलले, तर एक मुलगी म्हणाली, मॅडम, परत सांगाल का? आमच्या घरात मी एकदा सांगितलेलं कुणी एकदाही ऐकत नाही. आणि ती म्हणतेय, परत सांगा."

काकांनी स्टूल ओढलं. तळवे मांडीखाली गेले. "थांबा," ते म्हणाले, "आज मी हात लावणार नाही. शनिवारचा तास इथे घ्या. पूर्ण. काकू विद्यार्थिनी."

"मी?" काकू म्हणाल्या. "मला बटणसुद्धा लावता येत नाही."

"म्हणूनच."

मग दुकानात बाही जोडण्याचा तास झाला. कापड नव्हतं, म्हणून झेरॉक्सचे वाया गेलेले कागद घेतले. शिवणताईंनी मुंढा म्हणजे खांद्याजवळचं बाहीचं भोक कसं आखायचं ते पडद्यावर दाखवलं, कागदावर दाखवलं, चिकटपट्टीने जोडून दाखवलं. काकूंनी आपली बाही उलटी जोडली आणि वर विचारलं, "हात मागे घालून चालणाऱ्या माणसाला ही बरी नाही का?" एक तास गेला, दुसरा गेला. लॅपटॉप डोळा मिटायला तयार नाही.

"बघा," शिवणताई रडकुंडीला आल्या. "इथे कसा शहाण्यासारखा बसलाय. घरी आमचे हे संध्याकाळी त्यावर मॅच बघतात, तेव्हा झोपत नाही. लेक कॉलेजचं काम करते, तेव्हा झोपत नाही. मी बसले की संपलं. हे म्हणतात, तुझं बोलणं ऐकून मलाही झोप येते, त्याने काय पाप केलंय?"

काकांच्या कपाळावर मात्र आठी नव्हती. उलट चेहऱ्यावर जरा रंग चढला होता. दुकानात नाही, घरी. इतरांना नाही, बाईंना. आणि दर वेळी लॅपटॉपची समजूत एकच, की झाकण मिटलं.

"तुम्हाला सांगतो, झाकण मिटलं हे त्याला कसं कळतं," ते म्हणाले. "त्याला काही डोळे नाहीत. झाकणाच्या कडेला बारीकसं चुंबक असतं. खालच्या अंगात एक ठिपका असतो, तो चुंबक ओळखतो. चुंबक जवळ आलं की ठिपका म्हणतो, झाकण आलं, दिवे मालवा. झाकण खरंच आलं की नुसतं चुंबक आलं, हे त्याला कळत नाही. तुमच्या घरात कुठेतरी चुंबक आहे, ताई."

शिवणताईंनी विचार केला. "फ्रिजवर एक फुलपाखरू आहे. पण ते फ्रिज सोडून कुठे जात नाही."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"मग मी उद्या सकाळी घरी येतो," काका म्हणाले.

काकूंनी झेरॉक्स थांबवलं. गुडघे दुखायला लागल्यापासून काकांनी कुणाच्या घरी जाणं सोडलं होतं. आमदार बोलावू दे की मेहुणा, लॅपटॉपनेच दुकानात यायचं. "चौथा मजला आहे," काकूंनी आठवण करून दिली.

"लिफ्ट आहे ना."

"बंद असली तर?"

"तर उघडून बघेन."

लिफ्ट चालू होती. काका चौथ्या मजल्यावर उतरले तेव्हा दारात शिवणताईंचे यजमान चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना दुपारपाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी. "या काका. आमच्याकडे दोन दुखणी आहेत, एक लॅपटॉपचं आणि एक लॅपटॉपवालीचं. कुठलं आधी बघता?"

"चहा आधी," काका म्हणाले.

खोली लांबट होती. खिडकीशी शिलाई मशीन, मधे कापणीचं उंच टेबल, भिंतीला खिळ्यांवर कागदी नमुने टांगलेले, एका कोपऱ्यात इस्त्री. टेबलाच्या डाव्या टोकाला लॅपटॉप. शिवणताई कामाला लागल्याच होत्या, गळ्यात टेप, कानावर खडूची पेन्सिल अडकवलेली. काकांनी खोलीवर नजर फिरवली आणि त्यांना बरं वाटलं. हे कामाचं ठिकाण होतं.

"ताई, एक दोरा द्या, हातभर. आणि एक टाचणी."

शिवणताईंनी टेबलावरची रीळ ओढून दातांनी दोरा तोडला, दुसऱ्या हाताने टाचणी काढून दिली. काकांनी टाचणी दोऱ्याला बांधली आणि लोंबती धरली. जवळ चुंबक असेल तर टाचणी तिकडे ओढली जाणार. मग त्यांनी खोलीची फेरी सुरू केली, टाचणी पुढे आणि आपण मागे.

"काका, आमच्या घरात काही पुरलेलं आहे का?" यजमानांनी विचारलं.

"असलं तर निम्मं तुमचं."

फुलपाखराजवळ टाचणी ओढली गेली. कपाटाच्या दाराला चुंबकाची कडी होती, तिथेही. जुन्या रेडिओच्या स्पीकरने तर टाचणी गिळायचीच ठेवली होती. शिलाई मशीनच्या मोटरजवळ जरा हलली. कात्रीला चिकटली, पण नावापुरती. यांतलं एकही लॅपटॉपच्या तीन हातांच्या आत नव्हतं. लॅपटॉपखालचं टेबल, टेबलाचा खण, खाली ठेवलेली बटणांची डबी, सगळीकडे टाचणी सरळ लोंबत राहिली. अर्ध्या तासाने काकांनी ती खिशाला टोचली आणि स्टूल मागितलं. हात मांडीखाली घातले.

"तुम्ही तुमचं काम करा," ते म्हणाले. "मी इथे नाहीच असं समजा."

"हे तर मी रोज तिला सांगतो," यजमान म्हणाले.

"तुम्ही असताना काही वेगळं वाटतं का ताईंना?" काकांनी विचारलं. यजमान चहा प्यायला लागले.

शिवणताईंनी एका पँटची उंची टाचली, मशीनवर बसल्या, उठल्या, उद्याच्या तासाची आकृती पडद्यावर आणली, परत कापडाकडे गेल्या. मग काहीतरी टाइप करायला लॅपटॉपवर वाकल्या आणि पडदा काळा झाला.

"झाला! बघा, झाला!" त्या ओरडल्या आणि मागे सरकल्या. दोन सेकंदांत पडदा उजळला.

काका उठले नाहीत. "परत करा. आत्ता जे केलंत तेच."

"मी काही केलंच नाही."

"तेच परत करा."

दुसऱ्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा झालं. काकांनी मान तिरकी केली. वरच्या रांगेतल्या कळीकडे उजवा हात न्यायचा म्हणून बाई पुढे झुकत होत्या आणि भार सांभाळायला डावं मनगट लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवत होत्या. मनगट टेकलं की काळोख, उचललं की उजेड.

"ताई," काकांचा आवाज एकदम हळू झाला. झाडावर पाखरू दिसल्यावर माणूस बोलतो तसा. "डाव्या हातात काय आहे?"

"काय असणार? काही नाही."

"मनगटावर?"

शिवणताईंनी मनगटाकडे पाहिलं. काका इतका वेळ ते घड्याळ समजत होते. घड्याळाच्याच जागी पट्टा होता, त्यावर डबीच्या झाकणाएवढी चकती आणि चकतीवर साळिंदरासारख्या उभ्या-आडव्या पन्नास टाचण्या, नुसत्या चिकटून बसलेल्या.

"हे होय!" त्या म्हणाल्या. "ही तर माझी टाचण्यांची चकती. सकाळी घालते ती रात्री काढते. टाचण्या खोचाव्या लागत नाहीत, टाकल्या की धरून..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

"धरून ठेवते," काका म्हणाले. "चुंबक आहे त्यात."

मग काकांना आठवलं आणि त्यांनी खिशावरची टाचणी काढून समोर धरली. "आणि ही मला कुठून काढून दिलीत?"

"इथूनच," शिवणताई म्हणाल्या आणि आधी हसू आलं की रडू हे त्यांनाही कळलं नाही. ज्या चुंबकावरची टाचणी घेऊन काका अख्खं घर पालथं घालत होते, ते चुंबक त्यांच्याशी बोलत बोलत खोलीभर हिंडत होतं.

"दुकानात का नाही घालून आलात?"

"बाहेर जाताना काढून ठेवते ना! एकदा बसमध्ये एका माणसाला टोचली होती. त्याने सगळ्या बसला ऐकवलं."

यजमान चकती हातात घेऊन बघत होते. "म्हणजे मी बसल्यावर तो झोपत नव्हता, कारण..."

"तुम्ही टाचण्या लावून मॅच बघता का?" शिवणताईंनी विचारलं. एवढ्या आठवड्यांचं सगळं त्या एका प्रश्नात आलं. यजमानांनी चकती परत दिली आणि म्हणाले, "नाही, चुकलं माझं."

काकांनी चकती कोपऱ्यावर धरली, पडदा काळा. उचलली, उजळला. डावीकडे बोटभर सरकवली, काही नाही. परत अर्धं बोट मागे, काळा. दहा-बारा वेळा तरी त्यांनी हा खेळ केला. बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस नाही, सहा वर्षांचं पोर आहे. कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते खडूने आखून घेतलं, तेव्हा लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर लिंबाएवढा गोल झाला.

"झालं तर मग," ते म्हणाले. "उद्या चकती काढून ठेवा आणि तास घ्या."

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! रंगीत तालीम म्हणून शिवणताईंनी चकती काढली, कापड घेतलं, बोलायला सुरुवात केली. "बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर धरायचा आणि..." टाचणी घ्यायला उजवा हात डाव्या मनगटावर गेला. तिथे कातडी होती. त्यांनी स्वतःलाच चिमटा काढला. टाचण्या बशीत ठेवून पाहिल्या, तर बशीकडे बघायला मान वळली, कापड सरकलं आणि वाक्य तुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं.

"हात अडला की माझं तोंडही अडतं, काका," त्या खाली बसल्या. "डोळे कापडावर, तोंड मुलींशी आणि हात आपला आपण टाचणी घेतो. एकोणीस वर्षं असंच चाललंय. हात शोधायला लागला की मला काय सांगायचं तेच सुचत नाही. असा तास घेतला तर मी काय शिकवणार? त्या बाई म्हणतील, हिला येतच नाही."

लॅपटॉप उंचावर ठेवावा, माउस लावावा, असं काकांनी सुचवलं. पण वाकून मनगट टेकायची सवयही तितकीच जुनी होती. लॅपटॉपचं दुखणं सापडलं होतं आणि औषध त्यांच्याकडे नव्हतं. इथून पुढचं काम त्यांच्या धंद्यातलं नव्हतं. ते उत्सुकतेने बाईंकडे पाहत राहिले.

शिवणताई भिंतीवरच्या नमुन्यांकडे बघत होत्या. "चकती यायच्या आधी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सासरे काय करत होते?"

"गादी बांधायचे ना," यजमान म्हणाले. "मनगटाला. लहानपणी मी बसलोय एकदा तिच्यावर."

त्या उठल्या. चिंध्यांच्या पिशवीतून जाड कापडाचा तुकडा काढला, वाटी ठेवून गोल आखला, कापला, कडेने धावदोरा घालून ओढला. आत कापूस दाबून भरला, खाली पुठ्ठा, की टाचणी आरपार जाऊन टोचू नये, आणि बांधायला पट्टी. वीस मिनिटांत मनगटावर एक टम्म फुगलेली गादी होती. चुंबक नाही, काही नाही. काकांनी ती सोडवून घेतली, सगळ्या टाचण्या तिच्यात खोचून खडूच्या गोलावर टेकवली, दाबली, फिरवली. लॅपटॉप टक्क जागा.

"पण हिच्यात खोचावी लागते," शिवणताई म्हणाल्या. "चकतीवर मी नुसती टाकते."

"मग?"

"मग काय? उद्या अकरापर्यंत हाताला शिकवते."

शनिवारी थांबाकाकांनी दुकानातल्या संगणकावर तास उघडला. शिवणताईंनीच दुवा पाठवला होता. झेरॉक्सला आलेल्या दोघांना काकूंनी "पाऊण तासाने या" सांगून वाटेला लावलं. पडद्यावर बारा मुली, संस्थेच्या चष्मेवाल्या बाई आणि मधे शिवणताई, मनगटावर लाल गादी.

शिवणताई सुरू झाल्या. टाचणी घेतली, लावली. काढली आणि सवयीने मनगटावर टाकली. ती गादीवर आपटून जमिनीवर गेली. बारीकसा आवाज आला. शिवणताई पुढे बोलत राहिल्या. दुसरी पडली. काकू पुटपुटल्या, "अगं खोच, खोच." अकरावं मिनिट गेलं. शिवणताई आकृती मोठी करायला पुढे वाकल्या, त्यांचा चेहरा पडदाभर झाला. म्हणजे मनगट टेकलं होतं. शिवणताईंचा चेहरा तसाच बोलत राहिला. तिसरी टाचणी पडली.

आता संस्थेच्या बाईंनी तोंड उघडलं. "टाचण्या फार पडतायत, मॅडम."

शिवणताईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. दुकानात काकूंनी काकांचं मनगट घट्ट धरलं.

"पडतायत, कारण ही गादी कालच बांधलीय," शिवणताई म्हणाल्या. "हात जुना आहे, गादी नवी आहे." आणि मग त्यांनी सांगून टाकलं. चकती कॅमेऱ्यापुढे धरली. "मागचे दोन तास हिने बुडवले. आता बघा, पडदा काळा होईल माझ्याकडे, तुम्ही घाबरू नका, मीही घाबरणार नाही." चकती त्यांनी कोपऱ्यावर टेकवली. "पडद्यावर मला आता काही दिसत नाहीये. पण बाहीचा मध्य कुठे धरायचा ते हाताला माहीत आहे." कापडाकडे न बघता त्यांनी तीन टाचण्या लावल्या, एकेक गादीतून काढून, आणि चकती उचलून दूर सरकवली. "आलात सगळ्या? आता बघा, सरळ लागल्यात का?"

लागल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शेवटची परत दाखवाल का?"

त्यांनी परत दाखवली. चाळीस मिनिटं झाली, बाही मुंढ्याला जोडून झाली. संस्थेच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून वर्ग तुमचा. पण पहिल्या दिवशी ही गादीच शिकवा. आमच्या मुली टाचण्या तोंडात धरतात." शिवणताईंनी मान हलवली आणि मागे, चौकटीच्या कडेला, यजमान खाली वाकून जमिनीवरच्या टाचण्या वेचताना दिसले.

तास संपला असं वाटून एकेक चौकट विझायला लागली. तेवढ्यात थांबाकाकांनी आपला आवाज चालू केला.

"अहो, काय करताय?" काकू कुजबुजल्या. "तुम्ही विद्यार्थी नाही."

"ताई, एक शंका आहे," काका म्हणाले. "तुम्ही मुंढा मोजलात, बाहीची वरची कड मोजलीत. कड बोटभर मोठी निघाली. मोठी कड लहान भोकात बसवली आणि एक चुणी पडली नाही. ती बोटभर जागा गेली कुठे?"

विझणाऱ्या चौकटी थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "हो मॅडम, कुठे गेली?"

शिवणताईंनी कापड पुन्हा ओढून घेतलं, गादीतून एक टाचणी उपटली आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "आता नीट बघा हं, काका."